मधल्या पट्टीतला आवाज

पास्कू कुणाच्याही घरात शिरला की खुर्ची बघायचा नाही, कोपरा बघायचा. कोपऱ्यात जाऊन एकच टाळी वाजवायचा आणि मान वाकडी करून उभा राहायचा. मग दुसरा कोपरा. माझ्या घरात त्याने हे केलं तेव्हा माझ्या बायकोला, सुमनला, जाऊन महिनाही झाला नव्हता. आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगीत तेव्हा बिल्डरची माणसं सह्यांसाठी दारं वाजवत फिरत होती. मला वाटलं, ह्यालाही फोडलाय. भिंती मोजायला पाठवलाय.

"काय चाललंय रे?"

"घर ऐकतोय."

"घर काय बोलतं?"

"तुझं लय बोलतं, परब. सामान नाय ना काय."

माझा जन्म गेला साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या गेटवर. शाळा नावापुरती. सुटणाऱ्या माणसाचा डबा उघडायचा, भाताखाली काय दडवलंय ते बघायचं, हे माझं काम. असलं काम करून स्वभाव गोड राहत नाही. सुमन म्हणायची, "तुमी देवाची पण पिशवी तपासशाल."

पास्कू शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचा. इथल्याच गावठाणातला किरिस्ताव. लग्नं, गणपती, चर्चचे सण, सगळीकडे स्पीकर लावणारा. त्या दिवशी आला आणि टाळ्या वाजवून झाल्यावर म्हणाला, "रोज सकाळी तू वहिनींचं भजन लावतोस ना? भिंतीतून ऐकतो मी. तो आवाज वहिनींचा नाय."

माझं डोकं फिरलं. बायको माझी. तिच्या भजनी मंडळाने मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंग, तीही माझ्याकडे. आणि आवाज ओळखणार हा?

"माझ्या बायकोचा आवाज तुला कसा रे ठाऊक?"

"येडा काय तू? सत्यनारायणाला माईक कोण लावायचं? बाकीच्या बाया नाकातून गातात. वहिनी एकट्या तळातून. त्यांचा माईक मी वेगळा ठेवायचो."

हे खोटं म्हणता येईना. सुमनचा आवाज जाड. फोनवर लोक तिला काका म्हणायचे. आणि घरात वाजत होता तो बारीक, कुठल्यातरी परक्या पोरीचा. मी मनात धरून चाललो होतो, माणूस मेल्यावर आवाज असाच होत असेल.

होम थिएटर मुलाने पाठवलेलं, आईचं भजन ऐकायला. दुकानाचा माणूस बसवून गेला. टीव्हीशेजारी मुठीएवढे स्पीकर आणि दाराआड एक मोठा डबा. तो मोठा तर मुकाच. रिकामा खोका गळ्यात मारला, असा माझा पक्का संशय. पास्कूने डब्याला कान लावला आणि म्हणाला, "रिकामा नाय, अडवलेला आहे. बघ, बारक्या स्पीकरना जाड आवाज झेपत नाय. म्हणून मध्ये एक गेट असतं, क्रॉसओव्हर म्हणतात. गेटच्या खालचा आवाज ह्या मोठ्याला, वरचा बारक्यांना. तुझंच काम करतं ते."

त्याने मोठ्या डब्यामागचं, त्या गेटचंच बटण गरकन फिरवलं आणि सुमन दाराआडून गायला लागली. खोटं कशाला सांगू, मी उठून दार ओढलं आणि मागे पाहिलं. डबाच होता. आवाज जाड झालेला, पण मडक्यात तोंड घालून गावं तसा, आणि कोपऱ्यातून येणारा.

"बंद कर! बंद कर आधी!"

त्याने बटण अर्ध्यावर आणलं. पुन्हा ती परकी पोरगी.

मग हेच चाललं. पास्कू यायचा, बटण जरा वर करायचा, सुमन दाराआड. जरा खाली, सुमन गायब. बटणाभोवती छापलेल्या आकड्यांवर त्याने चिकटपट्टी लावून टाकली. छापलेलं काहीच तो मानायचा नाही. "छापणारा तुझ्या घरात आला होता काय?" म्हणायचा. टीव्हीच्या पडद्यावरच्या सूचना तर बघायचाही नाही. मी पलंगावर बसून त्याच्या हातांवर नजर ठेवायचो. हा मुद्दाम बिघडवतोय, म्हणजे उद्या परत यायला मिळेल, असं वाटायला लागलं. एकदा तोंडावर विचारलं.

"कशाला येईन रे? तुझ्या पाणचट चहाला?"

"मग कशाला येतोस?"

"त्या आवाजाला मी वर्षानुवर्षं माईक लावलाय. असा चिरकलेला भिंतीतून ऐकू आला की जेवण जात नाय."

तरी मी नजर हटवली नाही.

गेटची उपमा मात्र डोक्यात घुसली होती. आमच्या मालकाने चोरीच्या भीतीने कारखान्याला आतून दुसरं गेट केलं होतं. आतल्या वॉचमनचे नियम वेगळे, माझे वेगळे. त्याने सोडलेला माणूस मी अडवायचो, आणि परत जायला निघाला की तो आत घ्यायचा नाही. माणसं दोन गेटांच्या मधल्या पट्टीत उन्हात उभी. ना कारखान्याची, ना रस्त्याची.

"पास्कू," मी म्हटलं, "ह्याला दुसरं गेट तर नाही ना?"

त्याचा हात बटणावरच राहिला. मग त्याने नाइलाजाने रिमोट घेतला आणि पडद्यावरच्या सेटिंगमध्ये शिरला. होतंच. दुकानाच्या माणसाने तिथे गेटचा आकडा दोनशेवर ठेवलेला; आकडा जितका लहान, तितका आवाज जाड. म्हणजे दोनशेच्या खालचं बारक्या स्पीकरना मिळत नव्हतं, आणि डब्यामागचं बटण शंभराच्या वरचं मोठ्या डब्याला घेऊ देत नव्हतं. मधलं कुठेच वाजत नव्हतं.

"वहिनी त्या मधल्या पट्टीत उभ्या आहेत रे," तो म्हणाला. "आणि मी इथं बटण पिळत बसलोय. शेण खाल्लं मी."

त्याने डब्यामागचं बटण पूर्ण उघडून सोडलं. "एका दाराला एकच वॉचमन." आणि पडद्यावरचा आकडा हळूहळू खाली आणायला लागला. "थांब तू म्हणायचं."

"तू सांग. तुला कळतं."

"बायको कोणाची?"

मी ऐकायला लागलो आणि मला कळेना. हा? की ह्याच्या आधीचा? सगळे तिचेच वाटत होते आणि एकही तिचा वाटत नव्हता. रोज सकाळी तो बारीक आवाज ऐकून खरा पुसून गेला होता. सगळा जन्म संसार केला, आणि बायकोचा आवाज ओळखता येईना. पास्कूने माझ्याकडे बघितलं आणि भजन थांबवलं.

"गाण्यात नको शोधू. गाण्यात सगळ्या बाया देवाच्या होतात. ह्यात कुठं बोलल्यात काय? ओरडल्यात?"

भजन सुरू व्हायच्या आधी, सूर सापडेना म्हणून, ती मंडळातल्या बायांवर मालवणीत खेकसली होती. ते मी रोज पुढे ढकलून टाकायचो. पास्कूने तेवढंच पुन्हापुन्हा लावलं आणि आकडा उतरवत गेला.

"टाळ खाली ठेवा गो! माका माजो सूर गावांदे!"

"टाळ खाली ठेवा गो!"

"थांब," मी ओरडलो. "थांब, थांब. हीच."

ती समोर होती. दाराआड नाही, मडक्यात नाही. टीव्हीच्या उंचीवर, मांडी घालून बसलेली.

"नक्की?"

"अरे, मला अशीच बोलायची. आता हात लावू नको."

पास्कूने भजन शेवटपर्यंत ऐकलं. मग चहा मागितला. पाणचट चालेल म्हणाला.

नाताळाच्या तोंडावर तो झोपेतच गेला. मी चर्चमध्ये त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मागच्या बाकावर बसलो. फादर बोलायला लागले आणि खांबांवरचे मोठे डबे घुमायला लागले. हूं हूं एवढंच. पुढे पास्कूची मुलगी बसली होती, तिलाही काही कळत नसणार. मी उठलो आणि बाजूला मशीनवर बसलेल्या माणसाकडे गेलो.

"जाड आवाज कमी कर. फादर काय म्हणतात ते ऐकू येऊ दे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अशी नजर मी आयुष्यभर दुसऱ्यांना दिली होती.

"आपण कोण?"

"शेजारी," मी म्हटलं. "त्याचा."

त्याने काहीतरी फिरवलं. घुमणं खाली बसलं, शब्द सुटे झाले. फादरनी पास्कूचं पूर्ण नाव घेतलं, त्याच्या बापाचं, आडनावासकट. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, गेटवर येईल त्याला नाव विचारलं, आणि ह्याला कधी विचारलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या मला ते पहिल्यांदा कळलं, एकेक अक्षर स्वच्छ.