उलट्या पावलांचे हिंमतभाऊ

हिंमतभाऊ गाडीतून उतरले की उलटे चालू लागत. पाठ गावाकडे, तोंड स्टेशनाच्या इमारतीकडे आणि मान आकाशाला भिडलेली. आपण देवळातून निघताना गाभाऱ्याकडे पाठ करीत नाही, चार पावले मागे सरतो. हिंमतभाऊंची ती चार पावले रस्त्यापर्यंत जात.

नंदुरबारहून नवापूरकडे जाणाऱ्या मार्गावर आमचे लहानसे स्टेशन आहे. हिंमतभाऊ तिथल्या शाळेत चित्रकला शिकवीत. आमची पहिली भेट ही वस्तुतः धडक होती. मी एका यजमानाकडची सत्यनारायणाची पूजा आटोपून, प्रसादाचा डबा घेऊन स्टेशनाबाहेर पडलो होतो. पाठमोरे हिंमतभाऊ माझ्यावर आदळले. शिरा माझ्या उपरण्यावर सांडला आणि ते स्वतः स्टेशनासमोर राहणाऱ्या अनुसयाबाईंनी रस्त्याकडेला वाळत घातलेल्या तांबड्या मिरच्यांवर बसले.

"भाऊ, मांगे डोया शेतस का तुम्हले?" अनुसयाबाई कडाडल्या. मागे डोळे असते तर हा प्रसंगच आला नसता, हे मी विनम्रपणे सांगणार होतो. पण मिरचीच्या खाटाने आम्ही तिघेही शिंकू लागलो. दोन शिंकांच्या मधल्या फटीत हिंमतभाऊ म्हणाले, "गुरुजी, मान वर करा! स्टेशन वरथून दखनं पडस!"

मी मान वर केली. वर्षानुवर्षे त्या स्टेशनातून ये-जा करूनही मी त्याचे मस्तक कधी पाहिले नव्हते. पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारखे उतरते कौलारू छप्पर, त्याच्या कडेला लाकडाची कोरीव झालर, एका अंगाला अष्टकोनी तिकीटघर आणि त्याच्यावर चक्क शेकोटीचे धुराडे! ज्या खानदेशात वैशाखात सावलीलाही घाम फुटतो, तिथे इंग्रज साहेबाने थंडीची एवढी काळजी वाहिली होती. त्याच्या करुणेने मला गहिवरून आले, आणि मग हसू आवरेना.

हिंमतभाऊंना ही साहेबाची चूक मान्य नव्हती. "आठे उन्हाळामा रुळवर पापड भाजाई जास, गुरुजी. शेकोटी कोन पेटाडी? हाई यज्ञकुंड शे!" त्यांचे तर्क बहुधा असेच असत. दर्शनी भिंतीवरचे वर्तुळ त्यांनी सूर्याच्या उपासनेसाठी ठेवलेले ठरवले होते. ती न आलेल्या घड्याळाची जागा होती, हे स्टेशनमास्तरांकडून कळल्यावर ते म्हणाले, "मंग काय? सूर्य बी घड्याळच शे!" मी मात्र गुपचूप तिकीटघरात जाऊन दिशा पाहिल्या. शेकोटी बरोबर आग्नेयेला निघाली. शास्त्राने अग्नीला दिलेला कोन! मी ते त्यांना सांगितले, आणि हिंमतभाऊ माझ्याभोवती अक्षरशः नाचले.

पुढे बातमी आली की, जुनी इमारत पाडून तिथे नवी बांधायची आहे. तिकीटघर केव्हाच नव्या खोलीत गेले होते. अष्टकोन ओस पडला होता. नवरात्र संपता संपता एक इंजिनीयर साहेब अखेरची पाहणी करायला येणार होते. हिंमतभाऊंचे जेवण सुटले. माझ्या ओसरीवर बसून ते एवढेच म्हणाले, "हाई पडनं ते मी मान वर करीसन काय दखसू?"

मग त्यांनीच उपाय काढला. या वास्तूची वास्तुशांत कधी झालीच नव्हती! खंडेनवमीला स्टेशनातल्या हत्यारांची पूजा दरवर्षी मीच सांगत असे. त्याच दिवशी हवनही करावे. स्टेशनमास्तर भाविक होते, हसत हसत "हो" म्हणाले. एवढी वर्षे ऊनपावसात लोकांना आसरा देणाऱ्या वास्तूला चार मंत्र ऐकवण्यात मलाही पुण्यच दिसले.

यजमान म्हणून हिंमतभाऊ आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी अष्टकोनातल्या शेकोटीसमोर पाटावर बसले. वहिनी पदर सावरीत पुटपुटल्या, "दुसरासना घरनी शांत करी ऱ्हायनात, आपला घरनं छप्पर गळी ऱ्हायनं, ते कोन दखी?" मी मंत्र जरा मोठ्याने म्हटला आणि शेकोटीत समिधा पेटवल्या.

धूर वर गेला. पण आकाशापर्यंत पोहोचला नाही. धुराड्यात पिढ्यान् पिढ्या नांदत असलेल्या मधमाश्यांना हा विधी कुणी कळवला नव्हता. प्रथम गुणगुण झाली. मला वाटले, देवता प्रसन्न झाली. मग देवता हजारोंनी खाली उतरली. स्टेशनमास्तरांनी घाईघाईने समिधांवर पाणी ओतले, मी पळीपंचपात्र उचलले, वहिनींनी नवऱ्याला ओढले, आणि दारातच पाहणीला आलेल्या इंजिनीयर साहेबांवर आम्ही सर्व आदळलो. साहेबांसकट सगळे शेजारच्या प्रतीक्षालयात शिरलो आणि दारे लावून घेतली.

साहेबांचा कान कचोरीसारखा फुगला होता. "हा काय प्रकार आहे?" ते ओरडले.

"साहेब," सुजलेल्या नाकातून हिंमतभाऊ म्हणाले, "मान वर करा!"

बाहेर माश्या होत्या. दुसरे काही करण्याजोगेही नव्हते. साहेब बाकावर मागे रेलले. उंच लाकडी छताखाली झरोक्यांची ओळ होती आणि तिच्यातून मऊ उजेड उतरत होता. बाहेर आश्विनाचे ऊन रटरटत होते. बऱ्याच वेळाने साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. कपाळ कोरडे होते.

"इथे पंखा नाही?"

"नही, साहेब."

"मग हा वारा कुठून येतो आहे?"

ज्या प्रश्नाची हिंमतभाऊंनी आयुष्यभर वाट पाहिली, तो अखेर आला. त्यांनी फक्त झरोक्यांकडे बोट वर केले.

नवी इमारत शेजारच्या मोकळ्या जागेत झाली. जुनी, प्रवाशांच्या विसाव्यासाठी म्हणून, राहिली. माश्या दुसऱ्याच आठवड्यात परतल्या.

निवृत्तीनंतर हिंमतभाऊ लेकीकडे सुरतेला निघाले. पुढे तिथेच त्यांनी देह ठेवला. निरोपाच्या दिवशी वहिनी आत जागा धरून बसल्या आणि हे दारात, मागे तोंड करून उभे राहिले. गाडी हलली. स्टेशन त्यांच्यासमोरून हळूहळू मागे सरू लागले: आधी झालर, मग छप्पर, मग धुराड्यासह अख्खी इमारत. आता त्यांच्या पाठीमागे कोणी नव्हते.

"गुरुजी!" ते लहान मुलासारखे ओरडले, "आज कोनले धडक नही! आख्खं दखाई ऱ्हायनं!"

गाडी वळणाआड गेली. त्यांना काय दिसले असेल ते पाहावे, म्हणून मी मान वर केली आणि एक पाऊल मागे सरलो. मग आणखी एक. फाटक ओलांडले, रस्ता आला, तरी धुराड्याचे टोक नजरेत मावेना. आणि एकाएकी पायांखाली काहीतरी कुरकुरले.

"अरे देवा!" शिंका सुरू होण्यापूर्वी अनुसयाबाईंचा आवाज आला. "गुरुजी, आते तुम्हले बी मांगे डोया फुटनात का?"