बातमीदार दीर

विभावरीचा दीर गंधार बातमीदार होईल, असं घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दोन हजार अकरा साली तो पुण्याहून परदेशात, हॅमिल्टन शहरात आला, तो बिझनेसचा डिप्लोमा करायला. थोरला भाऊ चारुदत्त आणि वहिनी विभावरी तिथून दोन तासांवरच्या हेन्डरसनला राहत. शनिवार-रविवारी गंधार पुकेकोहे गावातल्या कांद्याच्या शेडमध्ये पट्ट्यावरून सरकणारे सडके कांदे वेचायचा आणि संध्याकाळी कांद्याच्या वासासकट वहिनीकडे जेवायला टपकायचा. जेवताना त्याचं तोंड चालू. शेडमधला कोण टोंगा बेटांवरून आला, कुणाची बायको कुठे अडकली, कोण कुणाशी का बोलत नाही.

"मला काय सांगतोस? लिहून काढ की," ती एकदा म्हणाली.

त्याने खरंच लिहिलं. हॅमिल्टनच्या एका लहानशा साप्ताहिकाने ते छापलं आणि पुढे नोकरीही दिली.

त्या नोकरीतच तो दक्षिण सुदानहून आलेल्या निर्वासित कुटुंबांकडे जाऊ लागला. त्यांच्यातली अचोल नावाची बाई त्याला म्हणाली, "आम्ही सुटलो. आमच्याबद्दल सगळे लिहितात. माझी बहीण तिकडेच आहे, तिच्याबद्दल कोण लिहिणार?" हे त्याने वहिनीला सांगितलं, तेव्हाच तिने ओळखलं की हा आता थांबत नाही.

दोन हजार चौदात तो तिकडच्या यादवी युद्धाच्या बातम्या द्यायला दक्षिण सुदानला निघाला. चारुदत्त टेलिकॉममधला इंजिनिअर, मोजकं बोलणारा. त्याने आवाजही चढवला नाही.

"रेसिडन्सी मिळालीय, पगार चालू आहे, आणि तू गोळ्या खायला चाललास."

"खायला नाही दादा, बघायला."

"दोन्हींत फार अंतर नसतं."

तिथून भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. फोन यायचे ते वहिनीला, सकाळी, डब्यांच्या गडबडीत. तिकडे तेव्हा दिवस मावळून गेलेला असायचा. चिखलात रुतलेली गाडी, छावणीतली शाळा, पाय मोडलेल्या माणसांना हसवणारी नर्स, आणि त्याचा ड्रायव्हर डेंग. "वहिनी, रस्ते डेंगला कळतात. मला नुसते प्रश्न विचारता येतात." फोन वाजला की चारुदत्त किल्ली घेऊन बाहेर पडायचा. पण फोन संपेपर्यंत त्याची गाडी काही फाटकाबाहेर जायची नाही, हे विभावरीने कधीच हेरलं होतं.

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत एका गावाहून परतताना गंधारची गाडी अडवली गेली आणि गोळीबार झाला. गंधार तिथेच गेला. डेंगच्या दंडातून गोळी आरपार गेली. सैनिकांनी बंडखोरांकडे बोट दाखवलं, बंडखोरांनी सैनिकांकडे. दोन हजार एकोणीस उजाडलं तरी मारणारे कोण, ते ठरलं नव्हतं.

हेन्डरसनला झालेल्या अंत्यसंस्काराला अचोल सगळं कुटुंब घेऊन हॅमिल्टनहून आली. शेजाऱ्यांनी लझान्याचे ट्रे आणून फ्रीज भरला. चारुदत्तच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तो लगेच कामावरही जायला लागला. विभावरीला त्याचीच धास्ती वाटत होती.

काही आठवड्यांनी, सकाळीच, अनोळखी नंबरवरून फोन आला. डेंग होता. "गाडी मी चालवत होतो," तो साध्या इंग्रजीत म्हणाला, "म्हणून तुम्हाला मीच सांगायला हवं." तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेलेला चारुदत्त माघारी फिरला आणि खुर्चीवर बसला. डेंगने घाई न करता सगळं सांगितलं. गंधारला फार वेळ दुखलं नाही, हेही सांगितलं.

तो थांबल्यावर चारुदत्तने विचारलं, "त्या दिवशी तो काही खाऊन निघाला होता का?"

"हो. बीन्स आणि चपाती. माझ्या ताटातलीही अर्धी चपाती त्यानेच उचलली."

चारुदत्तला हसू आलं. "लहानपणापासून असाच," तो मराठीतच म्हणाला आणि हसता हसता रडायला लागला. डेंगने फोन ठेवला नाही. विभावरीने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या रविवारी चारुदत्तने लॅपटॉप उघडून गंधारच्या बातम्या पहिल्यापासून वाचायला घेतल्या. दुपार कलली तरी तो उठला नाही.

"विभा, ही नर्स कोण गं?"

विभावरी भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. "हे त्याला विचारायचं होतंस, चारू. तीन वर्षं होती तुझ्याकडे."

"हो," तो म्हणाला.

तिने हात पुसले, खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि नर्सचं सांगायला लागली.