दोन कार्ब्युरेटर आणि भिमाबाईचा कान

दिघ्याच्या पोपटला कुणी मेकॅनिक म्हटलं की तो लगेच सांगायचा, "मेकॅनिक नाय, फिटर." ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर तो फिटर होता. पण ती झाली सहा दिवसांची नोकरी. जीव अडकला होता तो रविवारात, म्हणजे वाशीला टिपणीस साहेबांच्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या हिरव्या गाडीत. इंग्रजी स्पोर्ट्स कार, दोनच सीटा, वरचं छप्पर कापडाचं, आणि वयानं जवळपास पोपटएवढीच.

अरविंद टिपणीस तळोजाच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. शिकलासवरलेला माणूस, पण भंगारात निघालेली गाडी हौसेनं विकत घेण्याइतका खुळा. अठ्ठ्याहत्तर ते एक्क्याऐंशी, तीन वर्षं दोघांनी मिळून ती नट न् नट खोलून उभी केली. सोसायटीतली मंडळी आधी हसली, आणि नंतर तीच मंडळी नव्या जावयांना गाडीपाशी उभं करून फोटो काढायला लागली.

उभी करणं एक वेळ सोपं, चालती ठेवणं खरं कठीण. खाडीच्या खाऱ्या हवेनं बंपरला गंज धरायचा, ब्रेकचं तेल झिरपायचं. पण सगळ्यात नखरेल होते इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारे तिचे दोन कार्ब्युरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन शहाण्यासारखं चालायचं. एकानं जास्त ओढली की सगळी गाडी थरथरायची. त्यावर इलाज म्हणून पोपटकडे हातभर रबरी नळी होती. तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. डावीकडचा सूं आवाज ऐकायचा, मग उजवीकडचा, आणि दोन्ही जुळेपर्यंत स्क्रू केसभर फिरवायचा. साहेबांना यातलं काही जमत नसे. ते शेजारी उभे राहून कौतुकानं मान हलवायचे.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गाडी जागच्या जागी धापा टाकायला लागली. पोपटनं तीन रविवार नळी लावली, आणि दर रविवारी ती जास्तच बिघडली. शेवटी साहेब चाचरत म्हणाले, "पोपटराव, दादरला एकाकडे इंजिन तपासायचं नवं मशीन आलंय म्हणे. एकदा दाखवू का?"

"दाखवा की," पोपट म्हणाला, आणि घरी येऊन जेवला नाही.

कारण गाडी बिघडली नव्हती, कान बिघडले होते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षांच्या प्रेसच्या दणक्यांनी ते खाऊन टाकले होते. समोरासमोरचं बोलणं कळायचं, पण बारीक सूं-सूं आवाज गेले होते. नळीतून काहीच ऐकू येईना, म्हणून काहीतरी ऐकू येईपर्यंत तो स्क्रू उघडत जायचा. हे बोलायची त्याला लाज वाटायची. बोललं की रविवार गेला, आणि रविवार गेला की उरला नुसता कारखाना.

बायकोला, भिमाबाईला, मात्र वर्षभरापासून कळलं होतं. समोर स्टोव्ह भणाणत असताना नवरा "पेटवला का गं?" विचारतो, तर न कळायला काय झालं? ती म्हणाली, "ह्या रविवारी म्या येते तुमच्यासंगं. गाडी बघायची हाय मला."

रविवारी साहेब वर घरात चहा घेत होते आणि खाली इंजिन थरथरत चालू होतं. भिमाबाईनं पोपटच्या हातातून नळी काढून घेतली, पदर सारला आणि कानाला लावली.

"अवो, ह्यो डावा लई फनफनतोय. भरल्या स्टोव्हवानी. आन् उजवा तुंबल्यावानी, त्याला पिन मारायला झालीय."

"पिन नसती त्याला. इस्क्रू असतो."

"मंग फिरवा की त्यो!"

ती ऐकायची, बोट वर किंवा खाली करायची, तो फिरवायचा. दहा मिनिटांनी तिनं तळहात आडवा धरला आणि गाडीची थरथर थांबली. पोपटनं बॉनेटवर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. वळून बघतो तर मागे साहेब उभे. किती वेळ उभे होते, कोण जाणे.

पोपट कसाबसा म्हणाला, "साहेब, मला ऐकू येत नाय. तुमी गाडी दादरलाच द्या."

टिपणीसांनी गाडीचं दार उघडून धरलं. पोपटच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "दादरला कशाला? वहिनींना घेऊन चक्कर मारून या. दर वेळी दोघांनी मिळूनच बघायची आता."

चार वर्षं पोपट ती गाडी चालवून बघत होता, पण शेजारच्या सीटवर नेहमी साहेब असायचे. आज भिमाबाई बसली, पदर घट्ट खोचून. गाडी बेलापूरच्या दिशेनं निघाली. इंजिन कसं चाललंय हे पोपटला ऐकू येत नव्हतं. सरळ रस्ता लागला की तो हळूच बायकोच्या तोंडाकडे बघून घ्यायचा. ती हसत होती, म्हणजे गाडी ठीक चालली होती.