रिचार्जची वही

बाभुळगावच्या बसस्टँडजवळ एका ताईचं मोबाइल रिचार्जचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि गिऱ्हाईक आपला नंबर लिहितं ती वही. भाजीवाल्या, शिलाईवाल्या बायांना ती न मागता धडे देते. 'फोन उचलला की आधी दुकानाचं नाव सांगत जाय बाई. नुसतं हालो हालो काहून करतं?' ब्लाऊज शिवून झाला की गिऱ्हाइकाला एक मिस कॉल द्यायचा, ही युक्तीही तिचीच.

एकदा बियाण्याचा एजंट आला. ज्या बियाण्यानं गेल्या साली कापूस बुडवला, त्याच्याच जाहिरातीचे मेसेज पाठवायला त्याला वहीतले नंबर हवे होते. बदल्यात दुकानाला नवा बोर्ड देणार होता. तिनं वही स्टुलावर ठेवली आणि सरळ तिच्यावर बसली. 'बोर्ड तुमच्या घरावर लावा, साहेब.'

मी तिथंच उभा होतो. खूश झालो आणि लगेच म्हणालो, 'ताई, मग मला द्या. कापसाच्या भावासाठी सभा घेतोय. आपल्याच माणसांचं काम आहे.'

ती उठली नाही. 'त्यायनं नंबर रिचार्जसाठी देला, भाऊ. तुह्या सभेसाठी नाही.'

मला राग आला. तो लुटारू आणि मी एकाच मापात? शेवटी, ज्याला यायचं त्यानं फोन करावा म्हणून सभेच्या पत्रकावर माझाच नंबर छापला आणि गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवून आलो.

पहिला फोन तिचाच आला. 'दहा बायांले विचारलं. चार नाही म्हनल्या. सहा सभेले येऊन राह्यल्या.'