भाऊसाठी लिनक्स टाकलं तेव्हा

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही हटत नव्हती. माझा मोठा भाऊ आणि त्याचा मित्र रोजानं फवारणीला जायचे. उंच झाडांवर मारलेलं औषध वाऱ्यानं तोंडावर यायचं. एका दुपारी दोघंही वावरातच ओकू लागले. मित्र यवतमाळच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी वारला. भाऊ वाचला, पण घरी आल्यावर काही दिवसांनी त्याच्या बोटांतला जोर गेला. पाण्याचा गिलास धरला की सुटायचा.

बोटं हलती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. रबरी चेंडू दाबून तो कंटाळला. मग माझ्या कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळू लागला. त्याची गाडी दर वळणावर भिंतीवर आदळायची. तो परत सुरू करायचा. दुसरं काही करावं असं त्याला वाटतच नव्हतं.

दिवाळीनंतर मशीन अडकायला लागली. तीत कुणाकडून तरी कॉपी करून टाकलेली विंडोज होती, व्हायरसनं भरलेली. मी दिग्रसला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले.

"बेटा, विंडोजच्या जागी लिनक्स टाक," ते म्हणाले. "फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते. गेमची ग्यारंटी मी नाही देत, मेहनत करा लागन. अन् पहिले आपलं सामान कॉपी करून घे."

त्यांनी पेनड्राइव्ह भरून दिला. कॉपी मात्र मी केली नाही. पुसली जाईल ती विंडोजची सी ड्राइव्ह, आपलं सामान डीमध्ये आहे, असा माझा समज. स्क्रीननं विचारलं, पूर्ण डिस्क पुसायची का? पूर्ण म्हणजे जुनी विंडोज पूर्ण, असं समजून मी हो म्हटलं.

अर्ध्या तासात नवी, स्वच्छ स्क्रीन आली. मी आनंदानं भाऊला बोलावलं. तो बराच वेळ माउस फिरवत राहिला.

"डी कुठं आहे?"

डीमध्ये भाऊच्या मोबाइलमधून काढून ठेवलेला मित्राचा एक व्हिडिओ होता. वावराच्या धुऱ्यावर बसून तो हसत बोलत होता. मोबाइल नंतर बिघडला होता. मित्राच्या बायकोनं, तिला आम्ही वहिनी म्हणायचो, तो व्हिडिओ मागितला होता, आणि देतो देतो म्हणत आमच्याकडून राहून गेला होता.

"भाऊ, मी चुकली."

तो उठून बाहेर गेला.

चाचांनी दोन दिवस डिस्क तपासली. अर्धवट फोटो निघाले, व्हिडिओ निघाला नाही. "तुले सांगतलं होतं ना, बेटा," एवढंच म्हणाले.

भाऊ माझ्याशी बोलेना. मी कॉलेजहून आले की गेमच्या मागे लागायची. काळ्या खिडकीत कमांड लिहायची, एक अक्षर चुकलं की सगळं परत. विंडोजचे गेम चालवणारं वाईन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, तर गेम उघडून लगेच बंद पडायचा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला तेव्हा गाड्या दिसल्या, पण आवाज नव्हता. त्यातच बारा-तेरा दिवस गेले. एका रविवारी सकाळी आवाज आला. इंजिनाची घरघर ऐकून भाऊ आत आला, माझ्या मागं उभा राहिला. मी खुर्ची सोडली. तो बसला नाही.

"वहिनीले सांगा लागन," तो म्हणाला.

आम्ही दोघं मित्राच्या घरी गेलो. वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, लहान पोरगी शेजारी. मी सांगितलं, व्हिडिओ माझ्या हातानं पुसल्या गेला. तिनं मान वर केली नाही.

"मी तं एकदाही नाही पाह्यला," ती म्हणाली. "कायले वाट पाह्यत होते तुम्ही?"

मग तिनं भाऊला विचारलं, "काय म्हणून राह्यले होते थे त्याच्यात?"

भाऊ तिच्यासमोर खाली बसला. "पाठ दुखते म्हणे. पंप गळते म्हणे, मालकाले सांगतलं तरी बदलून देत नाही. मंग मले म्हणे, तू कायले फोन धरून बसला, चाल, दोन तास राह्यले."

"अन् हसत होते?"

"हो. हसत होता."

वहिनीनं सूप बाजूला सरकवलं आणि तोंडाला पदर लावला. पोरगी तिच्याकडे पाहत राहिली. आम्हाला उठताही येईना.

भाऊ नंतर तो गेम खेळू लागला, रोज नाही. बोटं थोडी सुधारली. शर्टाच्या गुंड्या मात्र आजही आई लावून देते. माझ्याशी तो बोलतो. व्हिडिओचा विषय त्यानं कधी काढला नाही, आणि मलाही काढता आला नाही.