तीन टिंबांमागचा भिमाजी

ज्योत्स्नाचं डावं मनगट अजूनही नीट वळत नाही. भाकरी ती उजव्याच हातानं थापते.

जुन्नरला कॉम्प्युटरचा क्लास करून २००३ साली ती बेल्ह्याला बाजीरावशेठकडे कामाला लागली. बैलबाजाराला लागून शेठचा गोठा होता. गिऱ्हाइकानं घेतलेला बैल तिथं बांधायचा, बाजार फिरायचा, टेम्पो ठरला की सोडून न्यायचा. कुठल्या खुंट्याला कोणाचा बैल, हे दाखवणारा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता. मॉनिटर खिडकीकडे तोंड करून ठेवलेला.

पडद्यावर प्रत्येक खुंट्याची एक पट्टी, नाव लांब असलं की तिच्या कडेला कापलं जाई. इथं माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि शेवटी मळा. एका नावाचे दोघंतिघं असायचे, ओळख पटायची ती मळ्यावरून. आणि नेमका मळाच कापला जाई.

"शेठ, वर तुमच्या नावानं निम्मा पडदा खाल्लाय. ते लहान केलं तर बाकीची नावं दोन ओळींत बसतील."

"माझं नाव लहान करायला मी मेलोय का गं?"

"मग खालचं अक्षर बारीक करू?"

"म्हाताऱ्यांना दिसंल का? कापलंय तिथं तीन टिंबं टाक, लई झालं."

तिनं टाकली.

एका बाजाराला दोन खुंट्यांसमोर एकच नाव आलं, 'भिमाजी कुशाबा गुंजाळ...'. पिंपळमळ्यातल्या भिमाजीनं पडद्याकडे बोट केलं, स्वतःचा हडकुळा बैल ठेवला आणि देखणा खिलार सोडवून घेतला. तो टेम्पोत चढवतानाच आंबेमळ्यातला भिमाजी, बैलाचा खरा धनी, येऊन पोचला.

"चोरा, बैल उतरव!"

"माझं नाव हाय त्याच्यावर! वाच की, रांडेच्या!"

आंबेमळ्याची काठी पिंपळमळ्याच्या डोक्यात बसली. कानावरून रक्ताची धार लागली, तरी त्यानं कासरा दुसऱ्याच्या गळ्यात टाकून आवळला. आंबेमळ्याच्याचे डोळे पांढरे झाले तेव्हा लोकांनी पिंपळमळ्याच्याला ओढून काढलं. खिलार उतरवला. गळा सुटलेला आंबेमळ्याचा भिमाजी खोकत, काठी घेऊन खिडकीशी आला.

"ह्या डबड्यानं केलं सगळं!"

तो आत घुसला. ज्योत्स्नानं मॉनिटरसमोर हात आडवा घातला. पहिल्या घावात मनगट मोडलं, दुसऱ्यात काच फुटली. बाहेर पिंपळमळ्याचा ओरडत होता, "पुढच्या बाजाराला ये, तुझा मुडदा पाडतो!"

"परत तिथं गेलीस तर मीच तुझं तंगडं मोडीन," तिची आई बनाबाई म्हणाली.

"नाही गेले तर तिथं एक जण मरेल, आई. टिंबं मी टाकलीत."

पुढच्या बाजाराला ती प्लास्टरसकट लवकर गेली. नवा मॉनिटर आला होता. एका हातानं तिनं शेठच्या नावाची वरची पट्टी आखडली, खालच्या पट्ट्या उंच केल्या, नाव दुसऱ्या ओळीत उतरेल असं केलं.

दोघंही भिमाजी आले. दोघांच्या हातात काठ्या, एकाच्या डोक्याला पट्टी. त्याच वेळी शेठनं पडदा पाहिला. वर लिहिलं होतं, 'श्री. बाजीराव...'.

"माझ्या नावाला टिंबं?" त्यानं हात उगारला.

ज्योत्स्नानं प्लास्टर पुढे केलं. "ह्याच्यावर मारा, शेठ. उजवा ठेवा, कामाला लागतो. आणि बाजीराव बाजारात एकच आहे, तुमचा बैल कोण नेतंय?"

शेठचा हात तसाच राहिला. खिडकीबाहेर आंबेमळ्याचा भिमाजी दुसऱ्या ओळीतलं मळ्याचं नाव मोठ्यानं वाचत होता. पिंपळमळ्याच्यानं आपली ओळ वाचली, दोघांचे खुंटे बघितले आणि थुंकला.

"चल, तुझा हिकडं हाय," तो म्हणाला. काठी मात्र त्यानं खाली ठेवली नाही.