आल्याचं लोणचं आणि उकळता शिरका

खारेपाटणच्या धक्क्यावरून मी होडीत बसले तेव्हा माझा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि पुढचा एक दात पडला होता. होडी विजयदुर्गाला, तिथून आगबोट मुंबईला. शालू, माझी धाकटी बहीण तू, तेव्हा मिठबावला आपल्या घरी परकरात बागडत होतीस, तुला कुणी सांगितलं नसेल. त्याआधी तीनदा मी माहेरी पळून आले, तीनदा आयेने मला परत पोचवलं. "घोव मारता, पोसता पण तोच. सोस गो बाय." चौथ्यांदा नवऱ्याने मुसळ घातलं आणि पोटातलं पाच महिन्यांचं मूल गेलं. मग मी माहेरची वाट धरलीच नाही.

मुंबईत ओळखीने एका जपानी साहेबाकडे स्वयंपाकाला लागले. त्याच्या बायकोच्या मानेवर भाजल्याचा मोठा वण होता. लढाईत तिचं शहर जळलं, त्यात तिची आई गेली, हे तिने मोडक्या हिंदीत सांगितलं. माझ्या दाताबद्दल मात्र कधी विचारलं नाही. तिनेच मला आल्याचं लोणचं शिकवलं. कोवळं, गुलाबी कोंबांचं आलं कागदासारखं पातळ कापायचं, मीठ लावायचं, उकळत्या पाण्यातून काढून पिळायचं, मग आंबट शिरका आणि साखर उकळून वर ओतायची. बघता बघता काप गुलाबी होतात. तिचा तांदळाचा शिरका इथे मिळेना, म्हणून मी गोव्याहून माडीचा मागवला. बाई चाखून हसली. सुट्टीला मी गिरगावातल्या माझ्या खोलीवर बरणी भरायची. तळलेल्या बांगड्याबरोबर ते मला तिच्याहून जास्त आवडायचं.

अशाच एका रविवारी दुपारी टोपात शिरका उकळत होता आणि दारात नवरा उभा राहिला.

"माझी बायल आसस तू. चल घराक!"

केस धरून त्याने मला भिंतीवर आपटलं. मग आलं कापायची सुरी उचलली. ती अडवताना माझा तळहात हाडापर्यंत चिरला. दुसऱ्या हाताने मी टोप त्याच्या तोंडावर उपडा केला.

चौकीवर जमादाराने विचारलं, "नवऱ्यावर उकळतं ओतलंत?"

"होय, ओतलं."

त्याचा एक डोळा गेला, त्याला तुरुंगही झाला. खोटं कशाला सांगू, त्याची किंकाळी ऐकून मला बरं वाटलं. पण पुढे महिनाभर शिरक्याच्या वासाने ओकारी यायची. तितके दिवस बाईने स्वतः आलं कापलं. मग एक दिवस सुरी माझ्यापुढे ठेवली. गावाने मात्र मला मेलेली ठरवलं, आयेनेही तसा निरोप धाडला.

सात वर्षांनी गेल्या महिन्यात आये आली. एकटी. बाबांनी फुंकणीने तिचं मनगट मोडलं होतं. मी भात, बांगडा आणि आलं वाढलं.

"गोड कित्या गो ह्या?" असं म्हणत तिने बशी संपवली. मग उठून दारापाशी गेली. "कडी खंय आसा?"

मी दाखवली. चांगल्या हाताने तिने ती लावली, दोनदा ओढून पाहिली, आणि भुईवर आडवी होऊन संध्याकाळपर्यंत झोपली. तिच्या उशाशी बसून होते तेव्हा पहिल्यांदा या खोलीला मी मनात घर म्हटलं.

शालू, तुझ्या पाठीवरच्या वळांचं आयेने मला सांगितलं आहे. आम्ही दोघी भिंतीकडे सरकून झोपतो. जागा आहे. ये.